प्रेशर 16 आलं, आता थेंब बंद करू का?

प्रश्न: माझं वय 54, राहणार सातारा जिल्हा. गावातल्या शिबिरात हवा मारणाऱ्या मशीनवर डोळ्यांचं प्रेशर उजवं 24 आणि डावं 26 निघालं. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. रात्री लॅटॅनोप्रोस्टचा आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉलचा थेंब दिला. तीन महिन्यांनी प्रेशर 16 आलं. मला काही दुखत नाही, चष्मा लावून शेवटची ओळ वाचते, बीपी गोळीवर 120/80 असतं. मग हे थेंब जन्मभर कशासाठी? डाव्या डोळ्याच्या कागदावर वर नाकाच्या बाजूला काळा डाग छापलाय, तो कसला? डोळ्यांसाठी चांगलं म्हणून मी रोज दहा मिनिटं शीर्षासन करते. जुना दमा आहे, पंप चालू आहे. हल्ली जिना चढताना धाप जास्त लागते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तिची नजर आली नव्हती, म्हणून भीती वाटते.

उत्तर: ताई, बाकीचं सगळं नंतर. तुमच्या पत्रात धापेचा उल्लेख जाता जाता आलाय, पण आमचं लक्ष सगळ्यात आधी तिथेच गेलं.

टिमोलॉल हा बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या औषधांच्या गटातला आहे आणि दमा असलेल्या माणसाला तो देत नाहीत. डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातला बराचसा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. गोळी पोटातून गेली की यकृत तिची धार आधी थोडी मोडतं, इथे तेही होत नाही. त्यामुळे श्वासनलिका आवळतात, नाडी मंदावते, आणि पंप घेऊनही हवा तसा आराम पडत नाही. तुमची वाढलेली धाप याचीच आहे असं आम्ही पत्रावरून ठामपणे म्हणणार नाही. पण तसं नाही हे ठरेपर्यंत ती याचीच समजायची. आजच डॉक्टरांना फोन करून दमा आहे हे सांगा. बोलणं होईपर्यंत टिमोलॉलचा पुढचा थेंब घालू नका, लॅटॅनोप्रोस्ट मात्र चालू ठेवा. टिमोलॉलचा असर डोळ्यात दोनेक आठवडे रेंगाळतो, तेव्हा एक-दोन दिवसांच्या खंडाने प्रेशर एकदम उसळणार नाही. बसल्या जागी दम लागला, वाक्य पुरं करता येईना, तर फोनची वाट न बघता दवाखाना गाठा.

नवीन बाटली मिळाली की तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून घ्या. बाजारात दोन औषधं एकत्र असलेल्या बाटल्या भरपूर आहेत. ब्रिमोनिडीन, डॉर्झोलामाइड, खुद्द लॅटॅनोप्रोस्ट, यांच्यासोबतही टिमोलॉल मिसळलेलं मिळतं. नाव वेगळं दिसतं आणि आत तेच असतं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ‘दमा’ लिहून ठेवा.

आता प्रेशरचं. डोळ्याचं प्रेशर आणि बीपी यांचा हिशेब वेगवेगळा आहे. एक 120/80 आहे म्हणून दुसरं ठीक असेल असं होत नाही.

बुबुळाच्या मागे सिलिअरी बॉडी नावाचं एक कडं असतं. तिथे रक्तातून गाळून एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं. अश्रू वेगळे, ते डोळ्याच्या बाहेरून वाहतात; हे पाणी आत असतं. डोळ्याचं भिंग आणि समोरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, यांच्यात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्यांना खाऊ घालण्याचं काम हे पाणी करतं. ते मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर बनतं, म्हणजे बाटलीतल्या एका थेंबाएवढं पाणी बनायला पंधरा-वीस मिनिटं. अख्ख्या दिवसाचं मिळून चहाचा चमचाही भरत नाही.

ते बाहुलीतून पुढे येतं आणि कॉर्निया व बुबुळ जिथे मिळतात त्या कोनातून बाहेर पडतं. तिथे स्पंजासारखी एक जाळी आहे, जाळीपलीकडे श्लेमचा कालवा, आणि तिथून पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांमध्ये जातं. घरातल्या मोरीसारखंच आहे हे. नळ चालू, मोरीला जाळी, आणि घराबाहेरची गटारही थोडी भरलेली. मोरीत पाणी किती तुंबून राहणार हे तिघांवर ठरतं: नळाची धार, जाळी किती मोकळी, आणि गटारातली पातळी.

ढोबळ आकडेमोड करून बघा. नळाची धार 2.4. निरोगी जाळीची वाट 0.3, म्हणजे दाब एका मिलिमीटरने (डोळ्याचं प्रेशर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) वाढला की मिनिटाला 0.3 मायक्रोलिटर जास्त बाहेर जातं. बाहेरच्या शिरांतला दाब साधारण 9. भागाकार केला तर 2.4 भागिले 0.3 म्हणजे 8, अधिक 9, झालं 17. हे नॉर्मल. आता जाळी निम्मी बुजली असं धरा, वाट 0.15. भागाकार 16, अधिक 9, बरोबर 25. तुमच्या 24 आणि 26 च्या मधोमध. नळ जास्त सुटलाय असं काचबिंदूत सहसा नसतं. गडबड जाळीत असते. वयाबरोबर तिच्यातल्या पेशी कमी होतात, ती कडक होते, पाणी अडतं.

औषधं काय करतात तेही याच मांडणीत बसतं. टिमोलॉल नळ बारीक करतो, सुमारे तिसऱ्या हिश्शाने. 2.4 चे 1.6 झाले की 25 वरून 20 च्या आसपास येतं. लॅटॅनोप्रोस्ट नळाला हात लावत नाही. जाळी सोडून पाण्याला आणखी एक वाट असते, सिलिअरी स्नायूच्या धाग्यांमधून मागे झिरपणारी. वरच्या हिशेबात ती धरलेली नाही. लॅटॅनोप्रोस्ट ती रुंद करतं आणि एकट्याच्या बळावर प्रेशर 25 ते 30 टक्के उतरवतं. आणि ताई, यातलं कुठलंच औषध जाळी दुरुस्त करत नाही. थेंब थांबवले की काही आठवड्यांत आकडा होता तिथे परत जातो. 16 हा थेंबांसकटचा आकडा आहे.

आता ‘21 च्या आत म्हणजे सुरक्षित’ हा समज. 10 ते 21 ही मर्यादा पुष्कळ निरोगी लोकांची सरासरी काढून आखलेली आहे. 21 ला काही भिंत नाही. 25 प्रेशर असून डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नजरेची नस शाबूत असलेली माणसं आहेत आणि 15 वर नस खराब होणारीही आहेत. काचबिंदू म्हणजे प्रेशर नव्हे, काचबिंदू म्हणजे नसेचं नुकसान. पण नसेवर थेट इलाज आज हातात नाही; ज्याला हात घालता येतो असं प्रेशर हेच एक आहे, म्हणून सगळी धडपड त्याच्याभोवती. सुरुवातीच्या काचबिंदूवरच्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की एक एक मिलिमीटर प्रेशर उतरलं की आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण 10 टक्क्यांनी कमी होतो. तेव्हा तुमच्या नसेला 16 पुरे की 14 लागतील, हे नसेची अवस्था बघून डॉक्टर ठरवतात. त्याला टार्गेट प्रेशर म्हणतात. ‘माझं टार्गेट किती?’ हे पुढच्या खेपेला विचाराच.

नसेत साधारण दहा-बारा लाख धागे असतात. ते डोळ्याच्या मागच्या बाजूने, चाळणीसारख्या भोकं असलेल्या पडद्यातून बाहेर पडतात. प्रेशर वाढलं की ही चाळण मागे वाकते, तिची भोकं वेडीवाकडी होतात, धागे दाबले जातात आणि त्यांचा पुरवठा तुटतो. डॉक्टर आत बघतात तेव्हा नसेचं तोंड बशीसारखं दिसतं आणि मधला खळगा कपासारखा. धागे मेले की कप रुंद होत जातो. रिपोर्टवर ‘सीडी रेशो’ लिहिलेलं असेल, 0.3 किंवा 0.7 असं, ते हेच: बशीच्या मानाने कप केवढा. एकट्या आकड्याला घाबरू नका, काहींची बशी जन्मतःच मोठी असते. दर वेळी तो वाढतोय का, दोन डोळ्यांत फरक आहे का, ते महत्त्वाचं.

तुमच्या कागदावरचा काळा डाग ही त्याचीच सावली. डाव्या डोळ्याच्या फील्ड टेस्टच्या, म्हणजे कडेपर्यंतची नजर मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर डावीकडे, कानाच्या बाजूला, एक लहान काळा ठिपका असतो. तो प्रत्येकाला असतो, तिथे नस डोळ्यात शिरते. त्याची काळजी नको. नाकाच्या बाजूला वर जो डाग आहे तो वेगळा. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून वरची नजर गेली तर नुकसान नसेच्या खालच्या कडेला असतं, आणि काचबिंदू बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. ओसीटीच्या, म्हणजे नसेच्या धाग्यांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनच्या, कागदावर त्याच डोळ्याची खालची कड लाल दिसत असेल तर दोन्ही साक्षी जुळल्या. पहिली फील्ड टेस्ट पुष्कळांची बिघडते: डुलकी लागते, नजर दिव्यामागे धावते, पापणी खाली येते. म्हणून ती पुन्हा करायला सांगितली तर पैसे काढायचा डाव समजू नका. सकाळी ताज्या डोळ्यांनी करा, मधल्या दिव्यावर नजर रोखा, पापण्या मिटायला बिचकू नका.

‘शेवटची ओळ वाचते’ याने काही ठरत नाही. अक्षरं वाचायचं काम नजरेच्या मधल्या इवल्याशा भागाचं. काचबिंदू कडेने कुरतडत येतो आणि मधला भाग शेवटी घेतो. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि उरलेलं मेंदू स्वतःच रंगवून टाकतो; काळं काही दिसतच नाही. चौकटीला खांदा लागणं, बाजूने आलेली दुचाकी एकदम समोर उगवणं, ही लक्षणं फार उशिराची. गेलेले धागे परत येत नाहीत. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसू लागतं. काचबिंदूत बदलायला काही नसतं. तुमच्या आईंना काय झालं होतं ते आता सांगता येणार नाही, पण ऑपरेशन चांगलं होऊनही नजर न येण्याच्या कारणांत काचबिंदू आहे. ही गोष्ट तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

आणखी एक विचारा: ‘माझा कोन उघडा की अरुंद?’ त्यासाठी डोळ्याला सुन्न करून आरशाची छोटी काच टेकवून बघतात, गोनिओस्कोपी म्हणतात. वरचं सगळं उघड्या कोनाचं गणित आहे. कोन अरुंद असेल तर बुबुळच जाळीवर येऊन बसतं, आणि उपाय आधी लेसरचा असतो: बुबुळाला सुईच्या टोकाएवढं भोक. असा कोन अचानक बंद झाला तर प्रेशर 50-60 वर जातं. डोळा लाल, भयंकर ठणका, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं, उलट्या. पुष्कळदा त्याला पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्र काढली जाते. असं झालं तर त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

शिबिरातला 24-26 हा आकडा चुकीचा असेल का? हवेच्या मशीनवर डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला की दोन-चार मिलिमीटर वर जातात. म्हणून निर्णय घेण्याआधी पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात टेकवून मोजतात. ती गोल्डमनची पद्धत. कॉर्नियाची जाडीही बघावी लागते, साधारण 540 मायक्रॉन सरासरी. जाड असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, पातळ असेल तर कमी. पातळ कॉर्नियाचा 16 हा दिसतो तेवढा चांगला नसतो. ही जाडी मोजायची तपासणी, पॅकिमेट्री, झाली आहे का, फाइलमध्ये बघा.

शीर्षासन आजपासून बंद. उलटं झाल्यावर डोक्यातल्या शिरांचा दाब वाढतो, म्हणजे आपल्या मोरीबाहेरची गटार तुडुंब भरते, आणि डोळ्याचं प्रेशर त्या वेळात जवळजवळ दुप्पट होतं. रोज दहा मिनिटं म्हणजे आधीच वाकलेल्या चाळणीवर रोज दहा मिनिटं जादा वजन. सर्वांगासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं पर्वतासन यांतही डोकं खाली जातं, तीही सोडा. श्वास कोंडून जड उचलणं टाळा. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालण्याने प्रेशर थोडं उतरतं, अर्थात धाप आटोक्यात आल्यावर. उषःपान करत असाल तर तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नका. लिटरभर पाणी झटक्यात पाजून प्रेशर किती चढतं हे बघण्याची एक तपासणीच आहे! तेच पाणी तासाभरात फुलपात्राने प्या. आणि मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, यातलं काहीही डोळ्यात नको.

बीपीची गोळी रात्री घेत असाल, तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत बीपी तसंही उतरतं आणि आडवं झाल्याने डोळ्याचं प्रेशर थोडं चढतं. रक्त नसेपर्यंत पोचायचं तर बीपीने प्रेशरवर मात करावी लागते, आणि पहाटे ही तफावत सगळ्यात कमी असते. वेळ बदलायची का ते दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील. तुम्ही मनाने गोळी बदलू नका.

पंपाचंही तसंच. दम्याच्या बऱ्याच पंपांत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने काहींची जाळी बुजते. थेंबांनी आणि चेहऱ्याला लावायच्या मलमांनी जास्त, पंपाने कमी. पंप बंद करायचा नाही, पण तो घेऊन जाऊन दाखवायचा. घेतल्यावर चूळ भरायची सवय ठेवा. घरात कोणा मुलाच्या डोळ्यांना खाज येते म्हणून मेडिकलमधून आणलेला थेंब महिनोन्महिने चालू असेल तर त्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलंय का बघा. या थेंबांनी लहान मुलांना काचबिंदू झाल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

टिमोलॉलऐवजी काय, हा प्रश्न येईलच. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड देता येतं, फक्त सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ब्रिमोनिडीनने तोंड कोरडं पडतं, गुंगी येते. आणि जाळीवरचा लेसर, एसएलटी, याबद्दल आवर्जून विचारा. दहा-पंधरा मिनिटांचं काम, भरती व्हावं लागत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात पहिल्यापासून लेसर घेतलेल्यांपैकी साधारण 74 टक्के लोक तीन वर्षांनीही थेंबांशिवाय टार्गेटमध्ये होते. असर काही वर्षांनी ओसरतो, पण बऱ्याच जणांना तो पुन्हा देता येतो. दमेकऱ्यासाठी, आमच्या मते, हा पर्याय आधी चर्चेला यायला हवा होता.

लॅटॅनोप्रोस्ट तुमचं चालूच राहणार, तर ते नीट घाला. रात्री नऊला म्हणजे नऊला. हात धुवा, आडव्या व्हा, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. थेंब 30-40 मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात त्याहून कमीच मावतं, म्हणून ‘पोटभर’ दोन घालण्यात अर्थ नाही, दुसरा गालावरून जातो. मग डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. नाकाची वाट बंद, औषध डोळ्यात. पापणीवर सांडलेलं पुसून घ्या, नाहीतर तिथली कातडी काळवंडते. पापण्यांचे केस लांब-दाट होतील, बायका त्यावर खूश असतात. दुसरा कुठला थेंब असेल तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उघडली की तिच्यावर तारीख लिहा आणि चार आठवड्यांनी टाका, आत औषध उरलं असलं तरी. 2.5 मिलीच्या बाटलीत साधारण 70-80 थेंब असतात, दोन डोळ्यांना महिना सहज निघतो. वीस दिवसांत संपत असेल तर नेम चुकतोय. दोन महिने पुरत असेल तर मधल्या रात्री गळताहेत. तपासणीच्या दिवशीही थेंब नेहमीसारखे घाला. पुष्कळ जण महिनाभर विसरतात आणि आदल्या आठवड्यात मन लावून घालतात. आकडा सुंदर येतो, डॉक्टर फसतात, नस फसत नाही.

तुमच्या सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने एकदा जाऊन यावं, आणि फक्त प्रेशर मोजून परतू नये. ‘नस बघा’ असं तोंडाने सांगावं. त्यासाठी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसवत नाही. जाताना गॉगल आणि सोबत कोणीतरी घ्यावं, येताना दुचाकी स्वतः चालवू नये.